येताना चार उत्तरपत्रिका आणा

आमच्या पहिल्या बैठकीला 62 प्राध्यापक होते. दुसरीला चौघं, त्यातले दोघं आमच्याच कॉलेजचे. कुलूप लागेपर्यंत बसायचंच होतं म्हणून बसलेले. आसपासच्या कॉलेजांतल्या शिक्षकांचा अभ्यासगट कसा उभा करायचा, असं नव्याने रुजू झालेले बरेच जण विचारतात. तर आधी हे 62 चे चार कसे झाले ते ऐका.

पहिल्या वेळी सगळं रीतसर केलं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, लांबलचक प्रास्ताविक. पाहुणे सव्वा तास बोलले. जेवणं झाली, प्रमाणपत्रं वाटली, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीसाठी बॅनरखाली फोटो निघाला. त्या दिवशी तोंड उघडलं सहा जणांनी, आणि सहाही व्यासपीठावरचे. मग दुसऱ्यांदा कोण येतंय?

आमचा भाग असा की अंबाजोगाई, परळी, केज ही गावं छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाखाली. 1994 मध्ये नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, गंगाखेड आणि रेणापूर तिकडे. एसटीने तास-दीड तासाचं अंतर, पण अभ्यासक्रम वेगळे, पेपर वेगळे. मला ही मोठी अडचण वाटली होती. झालं उलटंच. एकाच विद्यापीठाचे चार प्राध्यापक जमले की पेपर कोणी काढला, इंटर्नलचे मार्क कधी भरायचे आणि फरकाची रक्कम कधी पडणार, यातच चहा गार होतो. आमच्यात ते विषय निघूनही पुढे सरकेनात. उरलं फक्त शिकवणं.

तिसऱ्या बैठकीला निरोप एवढाच दिला: येताना चार उत्तरपत्रिका आणा. विद्यापीठाच्या नाही, तुमच्या वर्गातल्या चाचणीच्या. नाव आणि रोल नंबर झाकून झेरॉक्स काढा. आम्ही नऊ जण होतो, सगळे अर्थशास्त्राचे. प्रश्न साधाच ठरवला होता: मागणीतील विस्तार आणि मागणीतील वृद्धी यांतला फरक. टेबलावर 36 उत्तरं पडली. पाच गावं, दोन विद्यापीठं, आणि चूक एकच. पोरांनी वक्र सुरेख काढलेले, व्याख्या शब्दन् शब्द पाठ. पण उदाहरण देताना दोन्हीकडे 'भाव कमी झाला म्हणून मागणी वाढली' असंच. तोवर प्रत्येकाला वाटत होतं की आपलीच पोरं कच्ची आहेत.

तेव्हा रेणापूरचा एक सीएचबीवरचा, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारा मुलगा, नोकरीला दुसरंच वर्ष, दबकत म्हणाला, "सर, मी डाळीचं सांगतो. तूर डाळ स्वस्त झाली म्हणून एक किलोऐवजी दोन किलो आणली, हा विस्तार. भाव आहे तोच, पण घरात लग्न निघालं म्हणून कट्टाच आणला, ही वृद्धी. पहिल्यात आपण त्याच रेषेवर खाली सरकलो. दुसऱ्यात रेषाच उचलून उजवीकडे ठेवली." पंचवीस वर्षं शिकवलेल्या विभागप्रमुखांनी खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं. माझ्या मते आमचा गट त्या मिनिटाला सुरू झाला.

म्हणून सांगते, अध्यक्ष नेमू नका. खुर्च्या गोल मांडा आणि बोलायची सुरुवात नोकरीत सगळ्यात नवा असेल त्याच्यापासून करा. ज्येष्ठ सर आधी बोलले की बाकीचे "सरांनी म्हटल्याप्रमाणे" म्हणून मोकळे होतात. प्राचार्यांना वर्षातून एकदा बोलवावं, तेही चहाला. (आमच्या प्राचार्यांनी हे वाचलं तर त्यांनाही पटेल, अशी आशा.)

सीएचबीवाल्यांचं गणित मात्र वेगळं आहे, ते पुढाकार घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं. त्यांना तासागणिक पैसे. तास बुडवून बैठकीला या म्हणणं म्हणजे त्यांच्या खिशात हात घालणं. आम्ही शनिवारी दुपारी दोननंतर बसतो, एका गाडीत चौघं येतात आणि पेट्रोल पूर्ण पगारवाले भरतात. गंगाखेडची मंडळी रेल्वेने परळीला उतरतात, म्हणून एकाआड एक बैठक परळीत. पाचला उठायचं म्हणजे उठायचं. मॅडम लोकांना परतीची एसटी गाठायची असते.

वेळापत्रक आखताना विद्यापीठाच्या कॅलेंडरआधी शेतीचं बघा. ऑक्टोबरात सोयाबीन काढणी, वर्ग निम्मा. दिवाळीच्या सुमारास बीडकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. काही पोरं बरोबर जातात, काही घर आणि धाकटी भावंडं सांभाळत मागे राहतात. पोरांना काय अडतं हे पाहायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर हाताशी धरा. पेपर तपासणीच्या महिन्यात बैठक ठेवूच नका, कोणी येत नाही.

दुसऱ्या वर्षी जपानी शिक्षकांची पद्धत करून पाहिली. तिकडे काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे बसून विद्यार्थ्यांकडे बघतात. आमची पहिली खेप फसली, कारण शिकवणारी मी होते आणि मागे बसलेले सहाही जण माझ्याकडेच बघत होते. नंतर मला फळ्यावरच्या अक्षराबद्दल सल्ले मिळाले! पुढच्या खेपेला प्रत्येकाला एकेक बाक वाटून दिला: हीच दोन पोरं बघायची, त्यांचा पेन कधी थांबतो ते टिपायचं. केजच्या एका मॅडमच्या वाट्याला आलेली मुलगी आलेखाच्या दोन अक्षांना नावं देईपर्यंत ठीक होती. मग तिने शेजारणीचं बघून रेषा ओढली, खोडली, पुन्हा ओढली. मी फळ्यापाशी उभी राहून "समजलं का?" विचारलं तेव्हा सगळ्यांच्या आधी "हो मॅडम" म्हणाली ती हीच.

आता प्रमाणपत्र आम्ही देत नाही. त्यामुळे काही जण गळाले. सध्या अकरा जण येतात, कधी सात.