दुखतंय, आणि विश्वासही आहे: अशा दिवसांत नेमकं काय करायचं

आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. ते आत मशीनवर, मी बाहेर बाकावर. त्या बाकावर आणि रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना सुटल्यावर लोकांनी मला पुष्कळ सल्ले दिले. थोडे कामी आले, बरेचसे नाहीत. जे कामी आलं तेवढंच इथे लिहिते. घरात आजारपण असेल, कोणी गेलं असेल, कमाई थांबली असेल आणि तरी प्रभूवरचा विश्वास सोडायचा नसेल, अशांसाठी हे आहे. देव दुःख का येऊ देतो यावर मोठे ग्रंथ आहेत. माझ्याकडे फक्त सकाळी उठून काय करायचं याची माहिती आहे.

आधी अपेक्षा ताळ्यावर आणा. येशूने शिष्यांना शेवटच्या रात्री सांगितलं, “जगात तुम्हांला क्लेश होतील, तरी धीर धरा, मी जगाला जिंकले आहे.” या वाक्याचा पहिला अर्धा भाग आपण ऐकलेलाच नसतो, म्हणून संकट आलं की वाटतं, आपल्याशी काही वेगळंच घडतंय. “तुमचा विश्वास कमी पडतोय” असं कोणी म्हणालं, तर बायबलमधलं, प्रेषित पौलाने आपला तरुण सोबती तीमथ्य याला लिहिलेलं दुसरं पत्र उघडा. ज्या पौलाच्या अंगाचे रुमाल नेऊन आजारी बरे होत होते, तोच तिथे लिहितो की सोबतच्या त्रफिमाला मी मिलेत शहरात आजारी ठेवून आलो. एवढंच. ना खुलासा, ना दोषारोप. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे न सुटणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनवणी केली आणि उत्तर मिळालं ते, “माझी कृपा तुला पुरे आहे.” काटा तिथेच राहिला. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय तर आपण अर्धाच वाचतो. विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेतून सुटले, हे चौतिसाव्या वचनात आहे. तीनच वचनं पुढे काही जण तलवारीने मारले गेले आहेत, आणि तेही विश्वासानेच.

मग “का?” या प्रश्नाचं काय करायचं? तो विचारायला हरकत नाही, पण उत्तर हाती आल्याशिवाय पाऊल टाकणार नाही अशी अट घालू नका. ईयोब म्हणजे मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेला नीतिमान माणूस. त्याच्या पुस्तकात पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय ठरलं ते आपल्याला, वाचणाऱ्यांना कळतं. ईयोबाला ते कधीच कळत नाही. अडतिसाव्या अध्यायापासून देव स्वतः बोलायला लागतो, पण ती गोष्ट काढत नाही. आणि शेवटी देवाचा राग कोणावर? तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. सगळं समजलंय अशा थाटात बोलणाऱ्या मित्रांवर. यरुशलेमेत शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हाही येशूने ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, हा हिशोब साफ नाकारला. त्यामुळे जुन्या पापांच्या वह्या काढून “हे त्याचंच फळ” असं जुळवत बसू नका. कारण डोळ्यांसमोर असेल, म्हणजे दारू, उधळपट्टी, तोडलेलं नातं, तर मात्र ते ओळखून निस्तरायला घ्या. त्याला गूढ म्हणायचं कारण नाही.

आता तक्रारीची प्रार्थना. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे आपल्याला कोणी शिकवत नाही. आपल्याला उपकारस्तुती येते, मागणं येतं. रडगाणं मात्र अविश्वास वाटतो. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी सरळसरळ गाऱ्हाणी आहेत. तेरावं स्तोत्र घ्या, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा “कोठवर?” हे चार वेळा विचारतो. पुढच्या दोनांत मागणं: माझ्याकडे बघ, उत्तर दे. शेवटच्या दोनांत भरवसा. हाच साचा घ्या आणि कागदावर स्वतःचं लिहा. तोंडी नको, तोंडी आपण फार लवकर “तरी पण प्रभू, तुझी इच्छा” वर येतो.

माझं एक असं होतं: “प्रभू, कोठवर? मला त्यांना तहान लागलेली बघवत नाही. पाणी मोजून द्यावं लागतं आणि ते माझ्यावर चिडतात. मी चिडले की रात्री मला झोप येत नाही. तू हे बघतोस का? बघत असलास तर आज त्यांचं बीपी मशीनवर खाली जाऊ देऊ नकोस. आणि माझ्या तोंडाला आवर घाल. तू मेलेल्यांतून उठलास, एवढं मला पक्कं माहीत आहे. बाकीचं आज माहीत नाही.” यात नाटकी काही नाही. नाव घेऊन सांगा: कोणाची तहान, कुठलं बिल, कुठल्या माणसाचं बोलणं लागलं. “सर्व दुःखितांना सांत्वन दे” असली प्रार्थना मंडळीत ठीक, स्वतःच्या खोलीत ती पळवाट होते.

भरवशाचा भाग लिहिता येत नसेल तर कागद तिथेच थांबवा. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राने तेच केलंय. ते अंधारावर संपतं आणि तरी शास्त्रात आहे. अटक व्हायच्या आधी गेथशेमानेच्या बागेत येशू आधी “हा प्याला माझ्यापासून दूर कर” म्हणाला आणि मग “माझ्या इच्छेप्रमाणे नको”. आपण पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारतो आणि त्याला समर्पण म्हणतो.

शरीराकडे दुर्लक्ष करू नका. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून “आता मला मरण दे” म्हणाला, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. प्रश्न नंतर, डोंगरावर विचारले. तेव्हा सगळं निरर्थक वाटायला लागलं की आधी बघा, शेवटचं जेवण कधी झालं, किती तास झोप झाली. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन नाही, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि पाळकांनाही सांगा. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येत असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी जवळ बोलावून घ्या, एकटे राहू नका. हे विश्वास सोडणं नव्हे. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

औषधाबद्दल एकदा स्पष्टच लिहिते. आम्हाला एकाने सांगितलं होतं, “विश्वासाने मशीन सोडा, प्रभू बरं करेल.” डायलिसिस चुकवलं की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. असा सल्ला देणारा त्या रात्री तुमच्याकडे येत नाही. प्रार्थना करा, मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलावून तेल लावून घ्या, याकोबाने आपल्या पत्रात तसं लिहिलंच आहे. पण गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. ह्यांच्या डाव्या हातावर फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेली जागा. रोज रात्री मी त्यावर बोटं टेकवते. खाली रक्ताची थरथर लागली की तो चालू आहे असं समजायचं. तपासणं आणि आभार मानणं माझं एकदमच होतं, त्यांना वेगळं करायची मला कधी गरज वाटली नाही.

वचनं वापरताना आजूबाजूचं वाचा. “तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत” हे यिर्मया संदेष्ट्याचं वचन भिंतीवर छान दिसतं, पण ते बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं होतं, आणि त्याच्या आधीचंच वचन सांगतं की सत्तर वर्षं थांबा. तोवर घरं बांधा, बागा लावा, असाही निरोप त्याच पत्रात आहे. ऐकणाऱ्यांतले कितीतरी परत जाणार नव्हते. मला हे कळलं तेव्हा वचन लहान झालं नाही, उलट वापरता आलं: मशीन सुटेल तेव्हा जगू, असं म्हणायचं नाही, मशीनसकट घर चालवायचं. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सगळं मिळून कल्याण होतं म्हटलंय, पण त्याआधी सगळी सृष्टी कण्हते आहे आणि आपणही कण्हतो, असं आहे. आणि ते कल्याण कोणतं, तर पुत्राच्या, म्हणजे येशूच्या, प्रतिमेसारखं होणं. नोकरी परत मिळेल असं तिथे लिहिलेलं नाही.

प्रत्येक दुःख मुकाट सोसायचं नसतं. नवरा मारतो, वरिष्ठ छळतात, कोणी फसवतं, आणि वर “आपला क्रूस उचला” म्हणून गप्प बसवलं जातं. पौलाकडे बघा. दिमिष्क शहरात जिवावर बेतलं तेव्हा तो पाटीत बसून तटावरून उतरला आणि निसटला. फटके मारायला बांधलं तेव्हा “मी रोमी नागरिक आहे” असं सांगून त्याने ते थांबवलं. पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी बादशहाकडे, न्याय मागितला. सोसण्याबद्दल सर्वात जास्त लिहिणारा माणूस सुटायची वाट दिसली की ती घेत होता. तुम्हीही घ्या, घरात मार असेल तर आधी सुरक्षित जागी जा, क्षमेचं नंतर बघू.

कोणी गेलं असेल तर शोकाला मुदत घालू नका. पौल शोक करू नका म्हणत नाही; आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला माहीत होतं, तरी तो रडला. पंडिता रमाबाईंचं काम आपण अभिमानाने सांगतो. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांतच 1882 मध्ये नवरा गेला, 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः. बायबलचं भाषांतर त्यांनी या सगळ्यांच्या मधून केलं. गोष्ट सांगताना ही मरणं दोन वाक्यांत उरकली की ऐकणाऱ्या विधवेला वाटतं, आपणच तेवढ्या कच्च्या.

माणसांकडून मदत घेणं मला सगळ्यात जड गेलं. “काही लागलं तर सांगा” यावर “नाही नाही, सगळं ठीक” असं म्हणू नका. कागदावर कामं लिहून ठेवा: औषधं आणणं, कपडे इस्त्रीला नेणं, चार तास बाकावर बसणं. विचारणाऱ्याला त्यातलं एक द्या. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असंही आहे आणि प्रत्येकाने आपला भार वाहावा असंही आहे, दोन्ही तीन वचनांच्या अंतरात. कोणतं कुठे लागू, हे कामागणिक ठरवावं लागतं. भेटायला जाणार असाल तर ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस तेवढे शिका; ते जमिनीवर बसले आणि बोलले नाहीत.

एक राहिलं, साक्ष. मंडळीत साक्ष म्हणजे संकट संपल्यावर सांगायची गोष्ट, असा समज आहे. ज्यांचं संपलेलं नाही ते मागच्या बाकावर बसून राहतात. तुम्हाला उभं केलं तर आज आहे ते सांगा, शेवट गोड करू नका. मी असं सांगते: “डायलिसिस चालू आहे. किडनीसाठी यादीत नाव आहे, नंबर आलेला नाही. परवा मी देवाशी भांडले आणि अजून समेट पूर्ण झालेला नाही, पण बोलणं चालू आहे. आणि मंगळवारी दुपारी कोणी दोन तास बाकावर बसायला आलं, तर मला बँकेत जाता येईल.”