एडिंबरात दोन-तीन रात्री: आलिशान हॉटेल कसं निवडावं

ब्रिटनमधल्या एखाद्या शहरात दोन-तीन रात्री राहायचं असेल, तर हॉटेलचं नाव आणि त्यापुढचे तारे बघून पैसे भरू नका. एकाच हॉटेलात किल्ल्याकडे उघडणारी प्रशस्त खोलीही असते आणि मागच्या चौकाकडे तोंड केलेली अंधारी खोलीही. म्हणून क्रम असा ठेवा: तारखा, जागा, इमारत, खोली आणि मग दर. एडिंबरा शहर धरून हे सगळं पाहू.

१. तारखा आधी पक्क्या करा

ऑगस्टमध्ये इथे आंतरराष्ट्रीय कला महोत्सव आणि त्याच्या जोडीला फ्रिंज हा नाटक-विनोदाचा खुला महोत्सव असतो. १९४७ पासून चालत आलेल्या या सोहळ्यात शहर तुडुंब भरतं आणि दर आभाळाला भिडतात. ३१ डिसेंबरच्या आसपास तीच गत. फेब्रुवारी-मार्चमध्ये मरेफील्ड स्टेडियमवर रग्बीचा मोठा सामना असेल, तर तो शनिवार-रविवार टाळा. नोव्हेंबर किंवा जानेवारीचा उत्तरार्ध मात्र जरूर पाहा. ऐन हंगामातल्या साध्या खोलीच्या पैशांत तेव्हा वरच्या वर्गाची खोली मिळू शकते. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे थंडीत तुम्ही खोलीत जास्त वेळ असणार. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि खोलीवर फक्त झोपायला येणं होतं. मग एवढा खर्च कशावर करायचा, हे त्यावरून ठरवा.

२. नकाशाबरोबर चढही पाहा

एडिंबराच्या मध्यवस्तीचे दोन भाग आहेत. जुनं शहर किल्ल्यापासून उतरत जाणाऱ्या टेकडीच्या कण्यावर वसलंय: फरसबंदी रस्ते, अरुंद बोळ, पायऱ्याच पायऱ्या. नवं शहर १७६७ च्या आराखड्यानुसार बांधलेलं, सरळ आणि रुंद रस्त्यांचं. नकाशावर पाच मिनिटांचं दिसणारं अंतर जुन्या शहरात बॅग ओढत चढायला लागलं की दमछाक होते. बरोबर आई-बाबा असतील, कुणाचे गुडघे दुखत असतील, तर मी नवं शहरच सुचवीन. विमानतळावरून येणारी ट्राम प्रिन्सेस स्ट्रीट आणि सेंट अँड्र्यू स्क्वेअरला थांबते, तिथून बरीच चांगली हॉटेलं चालण्याच्या अंतरावर आहेत.

शांतता आणि बाग हवी असेल तर आर्थर्स सीट या टेकडीच्या पायथ्याशी १६८७ सालचं प्रेस्टनफील्ड हाउस आहे. जागा अप्रतिम, पण शहरात यायला प्रत्येक वेळी गाडी लागेल. दोनच रात्री असतील तर मी ते निवडणार नाही.

३. इमारत मुळात कशासाठी बांधली होती?

ब्रिटनमधली अनेक भव्य हॉटेलं रेल्वे कंपन्यांनी स्थानकाला लागून उभारली. वेव्हर्ली स्थानकाच्या डोक्यावरचं बाल्मोरल १९०२ चं. गाडी चुकू नये म्हणून त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ आजही तीन मिनिटं पुढे असतं. फक्त ३१ डिसेंबरला ते बरोबर लावतात. प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाचं कॅलेडोनियन १९०३ चं. त्याचं स्थानक १९६५ मध्ये बंद झालं, हॉटेल टिकलं. स्कॉट्समन हे पूर्वीचं वृत्तपत्राचं कार्यालय, तर ग्लेनईगल्स टाउनहाउस पूर्वीची बँक.

अशा वास्तूंत उंच छत आणि सुंदर जिने मिळतात. पण वास्तू संरक्षित असली की खिडक्या किंवा लिफ्ट मनासारखी बदलता येत नाही. काही छोट्या हॉटेलांत लिफ्टच नसते, आणि वातानुकूलन तर महागड्या ठिकाणीही गृहीत धरू नका. याउलट २०२३ मध्ये उघडलेल्या डब्ल्यू एडिंबरासारख्या नव्या इमारतीत सोयी जास्त, जुन्या वास्तूचा भारदस्तपणा नाही.

४. खोली नीट वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘क्लासिक’ म्हणजे बहुधा त्या हॉटेलातली सर्वांत लहान खोली. नावांकडे दुर्लक्ष करून चौरस मीटर शोधा: २५ चौरस मीटर म्हणजे साधारण २७० चौरस फूट. दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवायच्या तर याहून लहान खोली अडचणीची होते.

पलंगाचं मापही तपासा. ब्रिटनमधला किंग पलंग पाच फूट रुंद असतो, आपल्याकडचा सहा फूट. सहा फुटी हवा असेल तर ‘सुपर किंग’ मागा. ‘डबल’ म्हणजे एकच पलंग, ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे.

न्हाणीघरात वेगळा शॉवर आहे की टबमध्ये उभं राहायचंय? टबची उंच कड ओलांडणं वयस्कर माणसांना धोक्याचं असतं. ‘सिटी व्ह्यू’ लिहिलेल्या खोलीतून किल्ला दिसेलच असं नाही. किल्ल्याचं दृश्य हवं असेल तर वर्णनात ‘कॅसल व्ह्यू’ हेच शब्द असायला हवेत.

५. खरा खर्च मांडा

आपल्याकडे दरावर जीएसटी वेगळा चढतो. तिथे दाखवलेल्या दरात २० टक्के व्हॅट धरलेलाच असतो. मात्र २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांना एडिंबरात ५ टक्के पर्यटक कर लागतो, तोही सलग पहिल्या पाच रात्रींपर्यंतच. नाश्ता दरात नसेल तर माणशी तीसेक पौंड सहज जातात. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये, स्कॉटलंडमध्ये हॅगिस या एरवी मांसाच्या असणाऱ्या तिथल्या खास पदार्थाचा शाकाहारी प्रकारसुद्धा सर्रास मिळतो.

व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारा दरच घ्या, थोडा महाग असला तरी. हॉटेलात शिरताना कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या. फॉरेक्स कार्डावरची रक्कम मोकळी व्हायला दिवस लागू शकतात.

६. हॉटेलला ईमेल करा

पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा: ही खोली कुठल्या मजल्यावर आणि कुठल्या बाजूला आहे? लिफ्टपासून किती लांब? पायऱ्या आहेत का? खोलीत किटली मिळेल का? नेमकं उत्तर देणाऱ्या हॉटेलात मी निर्धास्तपणे आरक्षण करते. ‘आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे’ एवढंच आलं, तर यादीतल्या पुढच्या हॉटेलला तोच ईमेल पाठवते.