रेसिडेन्सी संपली, आता पायांचं स्वतःचं क्लिनिक

अमेरिकेत पोडियाट्रीच्या, म्हणजे पायांच्या डॉक्टरकीच्या, रेसिडेन्सीचे (पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाचे) सहा महिने उरले की जागा शोधण्याआधी कागदपत्रांना लागा. राज्याचं लायसन्स, एनपीआय नंबर (डॉक्टरचा राष्ट्रीय ओळख क्रमांक), मालप्रॅक्टिस विमा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठी), मग सीएक्यूएच प्रोफाइल (विमा कंपन्या डॉक्टरची माहिती जिथे बघतात ती ऑनलाइन नोंद) आणि मेडिकेअरसाठी, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्यासाठी, पेकॉस ही ऑनलाइन नोंदणी. खासगी विमा कंपन्या क्रेडेन्शियलिंगला (डॉक्टरची कागदपत्रं तपासून आपल्या यादीत घ्यायला) तीन-चार महिने सहज खातात. तोवर पेशंट तपासाल, पण बिल कुणावर फाडणार?

मी न्यू जर्सीत, एडिसनला बसते. खुर्च्या वापरलेल्या घेतल्या, काही बिघडलं नाही. ऑटोक्लेव्ह (उपकरणं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) मात्र नवाच घ्या आणि त्यात जंतू खरंच मरतात का हे बघणारी स्पोअर टेस्ट चुकवू नका. एक्स-रे मशीन थांबू शकतं. जवळचं इमेजिंग सेंटर गाठा.

आता पैशांचं. नुसती नखं कापण्याचे पैसे मेडिकेअर देत नाही. मधुमेह किंवा रक्ताभिसरणाचा आजार असेल तर देऊ शकतं, पण चार्टवर क्लास फाइंडिंग्ज (पायाची नाडी न लागणं यांसारखी ठरवून दिलेली लक्षणं) हवीत आणि क्लेमवर, म्हणजे विम्याला पाठवायच्या बिलावर, क्यू७, क्यू८ किंवा क्यू९ मॉडिफायर (ती लक्षणं सांगणारा जोडकोड). रेसिडेन्सीत हे कोण शिकवतं? तिथे सगळ्यांचा जीव ऑपरेशनमध्ये.

पेशंट हवेत तर आसपासच्या फॅमिली डॉक्टरांना स्वतः जाऊन भेटा. मधुमेही पायाची जखम त्याच दिवशी बघीन, एवढंच सांगा, आणि रिपोर्ट लगेच फॅक्स करा. हो, फॅक्स. अमेरिकेतल्या दवाखान्यांत तो अजून ठणठणीत आहे.