खांड भांगातच बांधा: मिरगाआधी खारशेतीची तयारी

वैशाखात खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली, शेतं पांढरी दिसायला लागतात. भातकापणीनंतर जमीन उघडी राहते, भेगाळते, तापते. मग वात जसं तेल ओढते तसं मातीच्या बारीक पोकळ्यांतून खालचं खारं पाणी वर चढतं. पाणी उन्हानं उडून जातं आणि मीठ वर राहतं. माती तपासायला हेच दिवस योग्य, कारण आता जे दिसेल ते वर्षातलं सर्वांत वाईट चित्र असेल. वरचा पांढरा पापुद्रा बाजूला सारा आणि त्याखालची वीतभर माती चार-पाच ठिकाणांहून घेऊन एकत्र करा. उघाडी म्हणजे बंधाऱ्यातलं पाणी सोडायचं दार. तिच्याजवळच्या आणि वरच्या अंगाच्या खाचरांचे नमुने मात्र वेगळे ठेवा. एकाच शेतात दोन्हीकडच्या खारटपणात फार अंतर असतं.

अहवाल आला की क्षारतेचा आकडा कोणत्या पद्धतीनं काढलाय ते विचारा. मातीत अडीचपट पाणी घालून मोजलेला आकडा संपृक्त अर्कातल्या (पाण्यानं पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यातल्या) आकड्यापेक्षा बराच कमी येतो. हे ठाऊक नसल्यानं 'आपली जमीन बरी आहे' अशी समजूत करून घेणारे मी पाहिलेत. संपृक्त अर्कात ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरपर्यंत (हे क्षारता मोजायचं एकक) भात सहसा तक्रार करत नाही. त्यापुढे दर एका आकड्यामागे उत्पन्न साधारण १२ टक्क्यांनी खाली येतं. समुद्राचं पाणी ५०च्या आसपास असतं. म्हणजे नऊ घागरी पावसाच्या पाण्यात एक घागर समुद्राची मिसळली, तरी ते पाणी ५च्या घरात जातं. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्यातून 'थोडंसंच' पाणी येतंय म्हणून गप्प बसणाऱ्यांनी ही घागर लक्षात ठेवावी.

बियाणं आणि खतांवर पुढे लिहिलंय, पण थोडक्यात. या वेळी भर बंधाऱ्यावर आहे, कारण बंधारा गेला की बाकीचा सल्ला कागदावरच राहतो. खांड म्हणजे बंधाऱ्याला पडलेलं भगदाड, आणि भांग म्हणजे भरती फार चढत नाही ते दिवस.

बंधाऱ्यावरून एक फेरी

ही फेरी दोनदा मारायची. एकदा ओहोटीला बाहेरच्या अंगानं आणि एकदा भर उधाणाला आतल्या अंगानं. ओहोटीला चिंबोऱ्यांची आणि उंदरांची बिळं दिसतात, पायथा कुठे खचलाय ते कळतं. उधाणाला आतून झिरपणारं पाणी दिसतं. ते स्वच्छ असेल तर एक वेळ थांबता येईल. गढूळ असेल तर पाणी बंधाऱ्याच्या पोटातली माती घेऊन बाहेर पडतंय असं समजा. असं बीळ आतून रुंदावत जातं, वरून बंधारा शाबूत दिसतो आणि एका रात्रीत बसतो.

बिळाच्या तोंडावर चिखलाचा गोळा थापून काही होत नाही, चिंबोरी दुसरीकडून वाट काढते. बीळ शेवटापर्यंत खणून उघडं करा आणि ओलसर चिकण माती वीत-वीतभर थरांनी धुमसून भरा. जुन्या बांधावर नवी माती नुसती ओतली तर ती पहिल्या पावसात साल सुटावी तशी सुटते. त्यासाठी आधी जुन्या अंगाला पायऱ्या पाडून घ्यायच्या. माती बंधाऱ्याच्या पायथ्याशी खणून घेऊ नका. जवळचं सोपं पडतं खरं, पण तिथे पडलेला खड्डा बंधाऱ्याचा पाय कापतो. खाडीकडचा उतार आतल्यापेक्षा पसरट हवा, म्हणजे लाट आपटत नाही, चढते आणि मागे सरते. माथ्यावर गवत असू द्या, मोठी झाडं नकोत. झाड वाळलं की त्याची मुळं कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते.

उघाडीची झडप हातानं हलवून पाहा. भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी ही झडप पुष्कळ ठिकाणी शिंपल्या बसून किंवा बाहेर गाळ साचून अर्धवट उघडी राहते. फटीतून रोज दोनदा खारं पाणी आत येतं आणि शेतकरी बंधाऱ्यात भोक शोधत बसतो. झडपेपुढचा गाळ मे महिन्यातच काढा. पावसात भरती असेपर्यंत उघाडी मिटलेलीच राहते आणि तेवढा वेळ शेतातलं पावसाचं पाणी तुंबतं. ओहोटीच्या मोजक्या तासांत ते सगळं बाहेर जायला वाट मोकळी हवी.

तिथीची पाऊणपट

खाडीकाठच्या जुन्या माणसांचा हिशेब असा: पंधरवड्यातल्या तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या सुमारास. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो म्हणून हे गणित जमतं. हा अंदाज मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याचा आहे. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, तेव्हा आपल्या उघाडीपाशी एकदा घड्याळ लावून फरक किती तो लिहून ठेवा. भरती-ओहोटीतलं अंतरही सगळीकडे सारखं नसतं. मुंबई-रायगडकडे ते मोठं असतं आणि सिंधुदुर्गाकडे कमी होत जातं, त्यामुळे पेणच्या बंधाऱ्याची उंची पाहून मालवणात बंधारा घालायची गरज नाही.

आता याच पाऊणपटीतून काम कधी करायचं ते निघतं. सप्तमी ते दशमी हा भांगाचा काळ. पाणी फार चढत नाही, आणि ओहोटी साडेअकरा ते दीडच्या दरम्यान, म्हणजे ऐन दिवसा येते. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत बंधाऱ्याच्या पायाशी उभं राहता येतं. उधाणाच्या दिवसांत नेमकं उलट. भर दुपारी पाणी माथ्याला टेकतं. पावसाळ्यातली मोठी उधाणं दुपारची आणि थंडीतली मध्यरात्रीची, हाही आपल्या किनाऱ्याचा जुना अनुभव आहे. खांड पडली की पहिला प्रश्न 'पैसे कोण देणार' हा येतो. तो 'भांग कधी आहे' हा यायला हवा.

आमच्याकडे एका आषाढात चार हातांची खांड पडली. बंधारा शासनाच्या योजनेतला की खाजगी, यावर गावात खल झाला. एका कचेरीत अर्ज दिला, त्यानंतर दुसऱ्या कचेरीत. तोवर दोन भांग गेले आणि दोन उधाणं येऊन गेली. खांड वीस हातांवर गेली आणि मधे माणूस बुडेल एवढा डोह झाला. उत्तर आलं मार्गशीर्षात. सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत आपला बंधारा खारभूमी विकास विभागाच्या योजनेत आहे की नाही हे आजच पाहून ठेवा, म्हणजे तो खल पावसात करावा लागणार नाही. अर्ज जरूर द्या, पंचनामा करून घ्या, फोटोवर तारीख घाला. पण चार हातांची खांड गावानं आधी बुजवावी.

खांड बांधताना दोन्ही टोकं आधी मेढी (खुंट) ठोकून पक्की करा, नाहीतर मधे काम चालू असताना कडा ढासळत राहतात. दोन्हीकडून मधे या आणि शेवटचं तोंड ओहोटी खाली असतानाच मिटवा. तोवर उघाडी उघडी ठेवा, आत कोंडलेलं पाणी तिथून निघून जाऊ द्या. डोह पडला असेल तर त्यावरून सरळ बांध नेऊ नका, आतल्या अंगानं वळसा घाला. शेताचा एक तुकडा जातो, पण बंधारा घट्ट जमिनीवर बसतो. प्लास्टिकच्या गोण्या उन्हात एका हंगामात फाटतात, त्या फक्त अडीनडीला. बांबूच्या मेढी, मधे पेंढा आणि चिखल ही जुनी रीत अजूनही टिकते. पूर्वी मेढींना कांदळाचं लाकूड वापरत. आता ते तोडता येत नाही.

तिवर बाहेर, भात आत

कांदळवनावरून खारेपाटात बोलणं निघालं की आवाज चढतात, आणि रागाला कारणही आहे. खांड वेळेत बुजली नाही की भरतीबरोबर तिवराचं, म्हणजे कांदळवनातल्या एका झाडाचं, बी तरंगत आत येतं आणि चिखलात रुजतं. दोन-तीन वर्षांत खाचराचं वन होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५च्या आदेशानं आणि २०१८च्या निकालानं कांदळवनाला संरक्षण आहे, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही. जमीन सातबाऱ्यावर तुमची असली तरी झाडाला कोयता लावता येत नाही. खांडीची घाई म्हणूनच. एका पावसाळ्याची दिरंगाई भाताचं शेत कायमचं घेऊन जाऊ शकते.

पण बंधाऱ्याच्या बाहेरचं तिवर आणि चिपी (कांदळवनातलंच दुसरं झाड) हा तुमचाच पहारा आहे. जगभरातल्या मोजमापांचा एकत्र विचार केला तर १०० मीटर रुंदीच्या कांदळवनातून जाताना लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी उतरते. आकड्यांतलं अंतर मोठं आहे, कारण वन किती दाट, मुळं कशी, पाणी किती खोल यावर ते ठरतं. खाडीत बार्जची वर्दळ असेल तर त्यांच्या लाटाही याच झाडांवर फुटतात. बाहेरचं वन विरळ झालेलं असेल तिथला बंधारा आधी तपासा. पायथ्याशी उगवलेलं मारांडीचं काटेरी झुडूपही उपटू नका. अंगाला टोचते, पण माती धरून ठेवते.

चिंबोऱ्यांवर विषारी औषध ओतण्याचा मोह आवरा. ते पाणी उघाडीतून खाडीत जातं आणि जिताडा माशाच्या तळ्यातही जातं. कांदळवनात राहणारा कोल्हा चिंबोऱ्या आणि उंदीर खातो, पाणमांजरही चिंबोरी सोडत नाही. फासे आणि विष लावून या दोघांना घालवलं तर बिळं वाढतील. वाशिष्ठी आणि जगबुडीच्या काठी उघाडीत उतरण्याआधी मात्र काठीनं पाणी हलवा, तिथे मगरी आहेत.

पहिला पाऊस मीठ धुवायला

मुंबईत मोसमी पाऊस सरासरीनं ११ जूनला पोचतो, दक्षिण कोकणात त्याच्या काही दिवस आधी. पहिल्या सरींनी जमीन भिजली की लगेच चिखलणी करू नका. चिखल केलेल्या जमिनीतून पाणी खाली जात नाही आणि मीठ मुळांपाशीच घुटमळतं. भेगा आणि ढेकळं असतानाच पाणी दोन-तीन दिवस अडवा, ओहोटीला उघाडीतून सोडा, पुन्हा अडवा. तीन-चार वेळा असं केलं की बाहेर जाणाऱ्या पाण्याची चव जिभेलाही कळते, मीटर असेल तर उत्तम. मग चिखलणी. जिप्सम टाकायची घाई नको. आपल्याकडच्या बऱ्याचशा खार जमिनी क्षारयुक्त आहेत, चोपण (सोडियम जास्त असलेल्या) नव्हेत. मातीचा अहवाल सांगेल तरच ते विकत घ्या.

भात उगवताना मीठ बऱ्यापैकी सोसतं. दोन-तीन पानांवर असताना आणि फुलोऱ्यात असताना त्याला ते सोसत नाही. यावरून दोन गोष्टी ठरतात. रोपवाटिका खार जमिनीत नको, वरकस (उंचावरच्या) जागेत किंवा गोड्या पाण्याजवळ करा. आणि लावणीला कोवळं रोप नको. साधारण महिन्याचं रोप घ्या, एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) नेहमीपेक्षा एक-दोन काड्या जास्त ठेवा आणि अंतर थोडं कमी करा, कारण काही चूड मरणार हे धरूनच चालायचं. रहू टाकणाऱ्यांनी, म्हणजे रोप न लावता थेट बी फेकणाऱ्यांनी, मीठ धुतल्याची खात्री झाल्याशिवाय मोड आलेलं बी फेकू नये. बियाणं पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ या वाणांतलं घ्या. ज्यांच्याकडे राता हा जुना भात अजून आहे त्यांनी तो मोडीत काढू नये. तो उंच वाढतो आणि लोळतो, पण खाऱ्यात उभा राहतो. बी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून त्यात बुडवा, तरंगणारं काढून टाका, खाली बसलेलं साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा. खाऱ्या जमिनीचं बी आधी मिठातून काढायचं, याची आमच्याकडे दरवर्षी थट्टा होते.

युरिया एकदम फेकू नका, तुंबलेल्या पाण्यात तो निम्मा हवेत जातो. युरिया-डीएपीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) चार चुडांच्या मधे बोटभर खोल खोचल्या तर टिकतात.

उभ्या पिकात खारं पाणी शिरलंच तर पहिल्या ओहोटीला उघाडी पूर्ण उघडा. पाणी तासाभरानं कमी होईल की चार तासांनी, यावर पीक ठरतं. त्यानंतर पावसाचं किंवा ओढ्याचं पाणी घेऊन शेत दोनदा धुवा. पानांची टोकं करपलेली दिसली म्हणून तेव्हाच खत घालू नका. नवी पालवी दिसेपर्यंत थांबा.

निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मिरग लागायचा होता आणि पौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्यामुळे बंधाऱ्याचं काम मेअखेर संपवा, जूनच्या भरवशावर ठेवू नका. चिकण मातीचा ढीग, बांबू, पेंढा आणि दोन टोपल्या बंधाऱ्याच्या माथ्यावर ताडपत्री टाकून ठेवा, पावसात गाडी तिथपर्यंत जात नाही. ज्येष्ठ ते भाद्रपद दर पौर्णिमा-अमावास्येच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस बंधाऱ्यावर कोण फिरणार त्याची पाळी लावून घ्या आणि यादी उघाडीजवळच्या घरी द्या.