मुलं यायच्या आधी: प्रयोग कार्यशाळेची तयारी

मुलांसाठी प्रयोगांची कार्यशाळा ठरली, की प्रयोगांची यादी काढा आणि त्यातले निम्मे प्रयोग लगेच काटून टाका. दीड तासात सहा प्रयोग बसवायचे ठरवलं, तर पाच तुम्हीच करून दाखवता आणि मुलं लांबून बघत बसतात. दीड तासाला दोन प्रयोग पुरतात, आणि त्यातला एक लांबला तर दुसरा सोडून द्यायची मनाची तयारी हवी. उरलेल्या प्रत्येक प्रयोगापुढे एकच प्रश्न लिहा: यातली वस्तू कोणाच्या हातात असेल? उत्तर ‘माझ्या’ असेल, तर तो प्रयोग नव्हे, खेळ दाखवणं झालं. त्यालाही जागा आहे, पण सुरुवातीच्या पाच मिनिटांत.

गटांचं गणित इथेच उरकून घ्या. एका संचामागे तीन मुलं चांगली, चार चालतात. पाचवं मूल खिडकीबाहेर बघायला लागतं. चाळीस मुलं असतील तर दहा संच हवेत, आणि मोडतोडीसाठी वर दोन. एवढं साहित्य जमत नसेल तर प्रयोग बदला, गट मोठे करू नका. गटातली कामंही आधी ठरवा: एक मोजेल, एक वेळ लावेल, एक लिहील, आणि दर फेरीला कामं फिरतील. हे सांगितलं नाही तर धीट मूल सगळं साहित्य स्वतःपुढे ओढतं आणि शांत मुलाच्या वाट्याला वही येते.

आता प्रयोगांची निवड. पहिल्या सत्राला माझी पसंती लंबकाला. दोरा, काही नट किंवा वॉशर, मोजपट्टी, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि दोरा बांधायला टेबलाच्या कडेला चिकटवलेली एक पट्टी एवढंच लागतं. लंबक शिकवण्याआधी मुलांना अंदाज लिहायला लावा: झोका लवकर पूर्ण व्हायचा असेल तर काय बदलायचं, वजन, दोऱ्याची लांबी की झोक्याचा पल्ला? बहुतेकांचा कौल वजनाला असतो. मग वॉशर वाढवून पाहिलं तरी वेळ हलत नाही, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते. स्वतःच्या कागदावर आकडे आधीच काढून ठेवा. २५ सेंटिमीटर लांबीचा लंबक एका पूर्ण आंदोलनाला, म्हणजे एकदा जाऊन परत यायला, जेमतेम १ सेकंद घेतो आणि १ मीटरचा सुमारे २ सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. लांबी मोजायची ती टांगलेल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत. गाठीपर्यंत मोजली की आकडे जुळत नाहीत. वॉशर एकाखाली एक लोंबत ठेवले तर वजनाचा मध्य खाली सरकतो, म्हणजे नकळत लांबी बदलते. ते दोऱ्याच्या एकाच फासात अडकवायला सांगा. एका आंदोलनाचा वेळ मोजू देऊ नका, दहा आंदोलनांचा मोजून दहाने भागायला सांगा. घड्याळाचं बटण दाबण्यात होणारी चूक मग दहा ठिकाणी वाटली जाते. झोका मोठा घेतला तर वेळ किंचित वाढतो, त्यामुळे पल्ला लहान ठेवायचा. पण एखाद्या गटाला हे आपणहून सापडलं तर थांबवू नका.

यापुढचं काम सगळ्यात जास्त टाळलं जातं: जे साहित्य मुलांना मिळणार आहे, नेमकं त्याच साहित्याने प्रयोग आधी स्वतः करून बघणं. तुमच्या कपाटातला चांगला सेल आणि जुनी तार घेऊन केलेल्या सरावाचा उपयोग नाही. उदाहरण विद्युतचुंबकाचं घ्या. लोखंडी खिळ्याला तांब्याची तार गुंडाळली, सेल जोडला आणि टाचणी हललीच नाही, तर नव्वद टक्के वेळा दोष तारेच्या टोकांचा असतो. ही तार उघडी दिसते, पण तिच्यावर एनॅमलचा पातळ थर असतो आणि तो वीज जाऊ देत नाही. टोकं दोन-दोन सेंटिमीटर पॉलिश पेपरने सगळीकडून घासून तांबं चकाकेपर्यंत साफ करायची. लहान मुलांसाठी हे तुम्हीच आधी करून ठेवा. सातवी-आठवीच्या मुलांना मुद्दाम न घासलेली तार द्या आणि दोष शोधू द्या, त्यात त्यांचा वेळ सत्कारणी लागतो. खिळे चुंबकाला चिकटतात का तेही बघा, काही प्रकारचं स्टेनलेस स्टील चिकटत नाही.

फेरे आणि टाचण्यांचा संबंध तपासायचा असेल तर अजून एक काळजी घ्यावी लागते. २५ फेऱ्यांना छोटी तार आणि ५० फेऱ्यांना मोठी तार दिली, तर फेऱ्यांबरोबर तारेचा रोधही बदलतो. सगळ्या गटांना सारख्याच लांबीची तार द्या आणि कमी फेरे घेताना उरलेली तार सैल सोडायला सांगा. अशा जोडणीत सेलमधून भरपूर प्रवाह वाहतो, सेल आणि तार तापतात, म्हणून टाचण्या उचलायच्या तेवढ्यापुरतंच, पाच-सात सेकंद जोडायचं. सेल दमत जातो, त्यामुळे ५० फेऱ्यांनंतर पुन्हा २५ फेऱ्यांची मोजणी करून बघायची. पहिल्या आकड्याशी ती जुळते का, यातच मुलं मापनाबद्दल बरंच शिकतात. आणि सेल काढल्यावरही दोन टाचण्या खिळ्याला लटकून राहिल्या तर ‘प्रयोग बिघडला’ म्हणू नका. लोखंडात थोडं चुंबकत्व मागे राहतं.

साहित्य भरताना दर गटाला एक डबा करा, झाकणाच्या आतल्या बाजूला त्यातल्या वस्तूंची यादी चिकटवा. कात्र्या, चिकटपट्टी, पेन्सिली मधल्या टेबलावर ठेवा. मल्टिमीटर नसेल तर निदान एक चालू बल्ब आणि होल्डर स्वतःजवळ ठेवा, सेल संपलाय की तार तुटलीय ते लगेच कळतं.

स्पष्टीकरणाची तयारी म्हणजे पाठांतर नव्हे. पण आपण जे सांगणार ते खरं आहे का, हे तपासायला हवं, कारण शाळेच्या प्रयोगांत चुकीची स्पष्टीकरणं फार टिकून आहेत. बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून पेला उपडा ठेवला की मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढतं. ‘ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो म्हणून पाणीही तेवढंच चढलं’ असं सर्रास सांगितलं जातं. ऐकायला सुबक, पण चूक. मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होत असतेच. पाणी चढण्याचं मुख्य कारण तापमान. पेला ठेवताना आतली हवा तापून फुगलेली असते, थोडी कडेने बुडबुड्यांच्या रूपाने बाहेरही पडते. ज्योत विझली की ती थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. हे सांगण्यापेक्षा तपासायला द्या. पेला तोच ठेवून एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावायच्या. ऑक्सिजनवाली गोष्ट खरी असती तर पाणी दोन्ही वेळा जवळपास सारखंच चढलं असतं. तीन मेणबत्त्यांना ते स्पष्ट जास्त चढतं. पाणी नेमकं कधी चढतं हेही बघायला सांगा, जोराचा उसळा ज्योत विझल्यावर येतो. मेणबत्ती हा विषय मुलांसाठी फार लहान आहे असं वाटत असेल, तर मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसमोर दिलेली अख्खी व्याख्यानमाला एका मेणबत्तीवर होती हे लक्षात ठेवा.

ज्योत आली की सुरक्षितता आलीच, आणि इथे कंजुषी नको. केस बांधलेले, ओढण्या आणि सैल बाह्या आवरलेल्या, मेणबत्ती वाळूच्या ताटलीत घट्ट रोवलेली, वाळूची बादली आणि भिजवलेलं जाड कापड हाताशी. काडी मोठ्यांनीच ओढायची. मिथेनॉल ओतून रंगीत ज्वाळा दाखवण्याचा प्रकार यादीत असेल तर काढून टाका. त्यात जवळ बसलेली मुलं भाजल्याच्या घटना घडल्या आहेत. काचेऐवजी प्लास्टिकची भांडी, पाऱ्याऐवजी अल्कोहोलचा तापमापक. भिंग असेल तर त्यातून सूर्याकडे बघायचं नाही, हे भिंग हातात देण्याआधी सांगा, नंतर नाही.

पण माझ्या मते मोठी भीती दिसायला सगळ्यात निरुपद्रवी असलेल्या दोन वस्तूंची आहे: बटण सेल आणि लहान निओडिमियम (फार जोराने ओढणारे) चुंबक. बटण सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. दोन चुंबक वेगवेगळ्या वेळी गिळले तर ते आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना ओढून धरतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. दोन्ही प्रसंगांत वाट बघायची नसते, थेट रुग्णालय गाठायचं असतं. लहान वर्गांसाठी या वस्तू आणूच नका. एलईडी पेटवायचा असेल तर दोन पेन्सिल सेलचा बंद डबा, १०० ओहमचा रोध आणि लाल एलईडी पुरतो, लांब पाय धन टोकाला. मोठ्या मुलांना चुंबक द्यायचे झाले तर मोजून द्या, मोजून घ्या.

मुलांची माहिती आधी मागवा. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर फुगे बाद. रंग ओळखण्यात अडचण असलेली मुलं जवळजवळ प्रत्येक मोठ्या गटात असतात, विशेषतः मुलगे. आम्ल-आम्लारी ओळखायच्या दर्शकाचा रंग पिवळ्याचा लाल झाला हे त्यांना दिसेलच असं नाही, म्हणून मूळ रंगाचा नमुना शेजारी ठेवा आणि ‘गडद झालं का’ असंही विचारा. दोन-तीन कात्र्या डावखुऱ्यांसाठी. फोटो काढणार असाल तर पालकांची लेखी परवानगी.

जागा एकदा बघून या: नळ कुठे, पंख्याने मेणबत्ती विझते का, दोन टेबलांमधून चाकाची खुर्ची जाते का. स्थितिक विजेचे प्रयोग दमट दिवसात हमखास फसतात, कारण ओलसर हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार निसटून जातो. त्या दिवसासाठी पर्यायी प्रयोग हवाच.

मदतनीसांशी अर्धा तास बोला. त्यांना उत्तरं शिकवू नका, हात मागे ठेवायला शिकवा. मुलाची जोडणी चुकली की मोठ्यांचा हात आपोआप पुढे जातो. त्याऐवजी म्हणायचं, ‘वीज कुठून निघते ते बोटाने दाखव बरं.’ माहीत नसलेला प्रश्न आला तर फळ्यावर लिहायचा. दुरुस्तीचं टेबल कोपऱ्यात लपवू नका, सगळ्यांना दिसेल असं मांडा. सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात यंत्रं बनवायचं आणि दुरुस्त करायचं वर्कशॉप प्रेक्षकांसमोर उघडं ठेवलेलं होतं. मोडलेली वस्तू दुरुस्त होताना बघणं हाही कार्यशाळेचाच भाग असतो.

शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा, त्यात नवा प्रयोग घुसडू नका. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकाच तक्त्यात लिहायचे. एखाद्या गटाचा आकडा फटकून असेल तर तो पुसायचा नाही, त्यांनी काय वेगळं केलं ते विचारायचं. मग डबे झाकणावरच्या यादीशी ताडून मुलांकडूनच भरून घ्या. सेलची टोकं एकमेकांना किंवा टाचण्यांना टेकणार नाहीत असे ते वेगळे ठेवा, संपलेले नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका. जे मोडलं, जे कमी पडलं, जे कोणी वापरलंच नाही, ते त्याच दिवशी डब्यावर कागद चिकटवून लिहा.