चाळ पाडायला निघाली, खालची खानावळ कशी वाचवायची

लालबाग, परळ, गिरगाव, ग्रँट रोड इथल्या जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर अजून अशी हॉटेलं आहेत जी मालकाच्या तब्येतीने चालतात. बांगडा संपला की दुपारी दोनला दार लोटलं जातं. पार्सल मिळत नाही. भिंतीवर काय करू नये याची पाटी असते आणि नव्या गिऱ्हाइकाने काय खायचं हे गल्ल्यावरचे काकाच ठरवतात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले, तरी ही हॉटेलं टिकली, कारण पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या) गाळ्याचं भाडं शेकड्यांत होतं. आता इमारतच पुनर्विकासाला निघते तेव्हा ते कवच जातं, आणि बिल्डर फक्त चौरस फूट मोजतो. काकांची पाटी, कोपऱ्यावरचं दार, भटारखान्याचा धूर यांतलं काहीही आपोआप नव्या इमारतीत येत नाही. जे येतं ते लिहून घेतलेलं असतं म्हणून.

हे मार्गदर्शन मुंबई शहरातल्या सेसच्या, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतीत पागडीने गाळा असलेल्या हॉटेलवाल्यांसाठी आहे. मालक हट्टी असतील तर त्यांच्या मुला-सुनांनी वाचावं.

भाडेपावतीपासून सुरुवात

पावतीवर नाव कुणाचं आहे ते पाहा. बहुतेक जुन्या हॉटेलांत ते आजोबांचं असतं, आणि नातू ते तीस वर्षं चालवत असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्या वेळी तिथे धंद्यात असलेल्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. तसं कुणी नसेल तर वारसाकडे जातो, आणि वारसांचं आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवतं. म्हणून पुढे चालवणारी मुलगी, मुलगा किंवा सून आजपासून कागदावर दिसली पाहिजे: गुमास्ता (दुकाने-आस्थापना) नोंदणीत, पालिकेच्या आरोग्य परवान्यात, अन्न परवान्यात, बँक खात्यात. नुसत्या मृत्युपत्रावर विसंबू नका. धंद्याच्या जागेचा असा संरक्षित भाडेहक्क मृत्युपत्राने बाहेरच्या माणसाला देता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्येच सांगितलं आहे. काका हयात असताना घरमालकाला पत्र देऊन पावती पुढच्या नावावर करून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं. बिल्डर आल्यावर त्याच सहीची किंमत अनेक पटींनी वाढते.

दुसरी गोष्ट पावतीवरचा वापर. ‘दुकान’ किंवा ‘हॉटेल’ लिहिलं असेल तर उत्तम. मागची खोली राहण्याची म्हणून वेगळ्या पावतीवर असेल आणि तिथे भटारखाना असेल, तर मोजणीत ती निवासी धरली जाईल आणि नव्या इमारतीत तुमचा भटारखाना सातव्या मजल्यावरचं घर होईल. जुने परवाने, पालिकेच्या तपासणीचे शेरे, धंद्याच्या दराने आलेली विजेची बिलं काढून तिथे कधीपासून स्वयंपाक होतो ते सिद्ध करा.

घरमालक भाडं घेईना, अशी वेळ पुनर्विकासाच्या तोंडावर हमखास येते. दर महिन्याला भाडं मनीऑर्डरने पाठवा किंवा स्पीड पोस्टाने चेक पाठवा आणि ‘घेण्यास नकार’ शेरा मारलेली पाकिटं न फोडता जपा. थकबाकीची लेखी नोटीस आली तर ९० दिवसांच्या आत भाडं भरा. तेवढा अवधी कायदा देतो.

लहर कुठे महागात पडते

काही सवयी हॉटेलचा जीव असतात, काही मात्र घरमालकाच्या हातात कोलीत देतात. मनात आलं म्हणून गावी जाऊन हॉटेल महिनोन्‌महिने बंद ठेवणारे मालक पुष्कळ आहेत. सबळ कारण नसताना सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ खाली तो जागा खाली करून घेण्याचा आधार ठरतो. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद ठेवा आणि आठवड्यातून काही दिवस चहापुरतं तरी उघडा, म्हणजे वीज-पाण्याची बिलं बोलतील.

त्याहून धोक्याचं म्हणजे कंडक्टिंग. काकांना झेपत नाही म्हणून हॉटेल बाहेरच्या माणसाला चालवायला दिलं, आणि करारात गाळ्याचा ताबा त्याच्याकडे गेल्यासारखी भाषा असली, की घरमालक पोटभाडेकरू ठेवल्याचा दावा लावतो. चालवायला द्यायचंच असेल तर गल्ला, किल्ल्या आणि परवाने स्वतःकडे ठेवा आणि कराराचा मसुदा भाडे कायद्याच्या वकिलाकडून करून घ्या. तसंच लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम करू नका. विटांची नवी भट्टी किंवा काँक्रीटचा पोटमाळा हेसुद्धा त्यात येऊ शकतं.

मोजणी

विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या नियम ३३(७) मध्ये, जो सेसच्या इमारतींच्या पुनर्विकासाचा आहे, राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मिळतं, जुनी खोली १२० फुटांची असली तरी. दुकानाला ही किमान मर्यादा नाही. जुनं क्षेत्र तेवढंच नवं. त्यामुळे वरच्या बिऱ्हाडांना पुनर्विकासाची जेवढी घाई असते तेवढी तुम्हाला नसते, आणि मोजणीत गेलेला प्रत्येक फूट कायमचा जातो.

भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाचं क्षेत्र म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ प्रमाणित करतं. त्याआधी स्वतःचा आर्किटेक्ट आणून गाळा मोजून घ्या: भिंतीच्या आतून आतपर्यंत, पोटमाळा वेगळा, मोरी वेगळी, दर्शनी बाजू वेगळी. फुटपाथवरचा ओटा आणि छप्पर पावतीत नसेल तर धरलं जात नाही, त्यावर भांडून वेळ घालवू नका. पोटमाळ्यासाठी मात्र भांडा, त्याचा जुना नकाशा किंवा पालिकेचा शेरा सापडत असेल तर. भावाभावांनी आता गाळ्याचे दोन भाग करून दोन पावत्या केल्याने हाती काही लागत नाही: १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेले भाडेहक्क योजनेत धरले जात नाहीत.

इमारत ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक ठरून पालिकेची कलम ३५४ ची नोटीस आली, तर घाबरून किल्ली देऊ नका आणि हट्टाने आत बसूनही राहू नका. पाडण्यापूर्वी पालिकेकडून तुमच्या ताब्यातल्या क्षेत्राची लेखी नोंद घ्या, गाळ्याचे तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा, मग सामान हलवा. इमारत पडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे.

संमतीपत्राआधी काय मागायचं

५१ टक्के भाडेकरूंची संमती झाली की योजना पुढे सरकते. त्यानंतर नकार देणाऱ्याला म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ खाली बाहेर काढता येतं. म्हणजे एकट्याने अडून राहण्याची ताकद फार थोडे दिवस असते. ती बिल्डर ५१ च्या शोधात असताना वापरायची, नंतर नाही. गल्ल्यावरून ‘मी मरेन पण हलणार नाही’ असं सांगणाऱ्या मालकांना शेजारी टाळ्या देतात आणि संध्याकाळी सही करून येतात. तळमजल्यावरच्या सगळ्या दुकानदारांनी एकत्र एकच वकील आणि एकच आर्किटेक्ट नेमावा.

क्षेत्राचा आकडा सगळे विचारतात. हॉटेल ज्यावर जगतं ते पुढचं आहे, आणि ते नोंदणीकृत करारात, नकाशा जोडून, यावं लागतं.

दर्शनी रुंदी: १८ फूट रुंद आणि २५ फूट खोल गाळा ४५० चौरस फूट होतो, ९ फूट रुंद आणि ५० फूट खोल गाळाही तेवढाच. दुसऱ्यात हॉटेल चालत नाही. म्हणून रुंदी फुटांत लिहा, कोणत्या रस्त्यावर तोंड ते लिहा, जोत्याच्या पायऱ्या किती ते लिहा, आणि मधोमध खांब येणार नाही हे नकाशावर पाहा. पोडियमवर (टॉवरच्या पायथ्याच्या उंच मजल्यावर), तळघरात किंवा आतल्या गल्लीत दिलेला गाळा घेऊ नका. मोबदल्यात थोडं क्षेत्र सोडावं लागलं तरी रस्त्याचं तोंड ठेवा.

वापर: ‘मासे-मटणासह खाद्यपदार्थ शिजवून विकण्याचा व्यवसाय’ हे शब्द असेच लिहून घ्या. नुसतं ‘व्यापारी’ लिहिलं, तर वरच्या टॉवरमध्ये राहायला आलेली नवी सोसायटी सुक्या बोंबलाच्या वासावरून पहिल्याच सभेत ठराव करते. पहाटे किती वाजता चूल पेटेल, माल कुठून उतरेल, पाटी किती फुटांची असेल हेही घाला, आणि पुढे होणाऱ्या सोसायटीवर ते बंधनकारक राहील असं कलम टाका.

भटारखाना नकाशातच हवा

सगळ्यात जास्त हॉटेलं इथे मरतात. गाळा मिळतो, पण धूर बाहेर काढायला वाट नसते, आणि बांधून झालेल्या चाळीस मजल्यांतून नळी नेता येत नाही. नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वीच गच्चीपर्यंतचा स्वतंत्र शाफ्ट, म्हणजे धुराच्या नळीसाठी उभी पोकळ वाट, मागा. हिशोब असा: चुलींच्या वर धूर ओढणारा ८ फूट बाय ४ फूट हूड, म्हणजे ३२ चौरस फूट. प्रत्येक चौरस फुटाला मिनिटाला साधारण १०० घनफूट हवा ओढायची, म्हणजे ३,२०० घनफूट. नळीत हवेचा वेग मिनिटाला १,६०० फूट ठेवला तर नळीचा छेद २ चौरस फूट लागतो, म्हणजे सुमारे १७ इंच बाय १७ इंच. शाफ्ट त्याहून मोठा हवा, आत माणूस शिरून तेलकट थर खरवडू शकेल एवढा. छेद कमी केला की हूड गुरगुरतो आणि धूर बसायच्या जागेत येतो.

भटारखान्याचा स्लॅब फूटभर खाली सोडून घ्या, म्हणजे तेल अडवणारी टाकी आणि उतार नीट बसतो. मोरीची नळी घरांच्या नळीत जोडू देऊ नका. तुंबलं की दोष तुमच्यावर येतो. थ्री-फेज वीज, धंद्याचा पाण्याचा स्वतंत्र मीटर आणि पाइप गॅसचा पॉइंट गाळ्याच्या आत हवा. लाकूड-कोळशाची भट्टी पुन्हा बांधायची आशा सोडा: मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्या आणि हॉटेलांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. ब्रून पावाचा कडकपणा गॅसच्या भट्टीवर बसायला वस्तादाला (मुख्य आचाऱ्याला) वेळ लागतो, तेव्हा जुन्या जागेत असतानाच छोटी भट्टी आणून सराव सुरू करा.

मधली वर्षं

बिल्डर ट्रान्झिटचं (मधल्या काळातल्या तात्पुरत्या जागेचं) भाडं राहत्या घराच्या हिशोबाने देऊ पाहतो. तुम्ही अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या तेवढ्याच गाळ्याचं बाजारभाडं, अनामत, दलाली आणि दोनदा सामान हलवण्याचा खर्च मागा. पुढच्या तारखांचे चेक घेऊन निश्चिंत होऊ नका. काम रखडलं की आधी भाड्याचे चेक परततात. निदान दोन वर्षांचं भाडं आगाऊ, उरलेल्या काळाला बँक हमी आणि दरवर्षी ठरलेली वाढ लिहून घ्या.

अर्ध्या किलोमीटरचं बंधन महत्त्वाचं आहे. रोज जेवणारं गिऱ्हाईक दुपारच्या सुट्टीत तेवढंच चालतं. जागा मिळाली नाही तर निदान डब्यांपुरती चूल चालू ठेवा आणि वस्तादाचा पगार थांबवू नका. तो दुसरीकडे रुजू झाला की रस्सा त्याच्याबरोबर जातो. अन्न परवाना जागेला असतो, त्यामुळे तात्पुरत्या पत्त्यावर नवा काढावा लागतो. हॉटेलच्या नावाचा ट्रेडमार्कही या काळात वर्ग ४३ मध्ये (खानपान सेवांच्या वर्गात) नोंदवा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे. प्रसिद्ध जुनं नाव मोकळं दिसलं की कुणीतरी उचलतं.

संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, पाट्या, आरसे क्रमांक घालून कोरड्या जागेत ठेवा. संगमरवराच्या फळ्या आडव्या रचू नका, कडेवर उभ्या ठेवा, नाहीतर मधून तडकतात.

नव्या गाळ्याचा महिना

भाडं शेकड्यांत होतं, देखभाल हजारांत येते. समजा दर चौरस फुटाला १५ रुपये आहे: ४५० फुटांना महिन्याला ६,७५० रुपये, वर्षाला ८१,०००. सात टक्के व्याजाने हे भागवायला सुमारे ११ लाख ५७ हजारांचा कॉर्पस (एकरकमी निधी) लागतो. तेवढा मागा. मिळाला नाही तर उरलेला भार ताटावर येतो: एका थाळीमागे ३० रुपये सुटत असतील, तर ६,७५० साठी महिन्याला २२५ थाळ्या जास्त, म्हणजे २६ दिवसांत रोज साधारण नऊ. नऊ थाळ्या जुन्या दरातच वाढवता येतात. मालमत्ता कर आणि पगारवाढ धरून हाच आकडा तीसवर जात असेल, तर दर वाढवा किंवा संध्याकाळ उघडा. मेनू कार्ड बदलून पास्ता ठेवणं हा उपाय नाही. त्या गिऱ्हाइकासाठी समोरच्या कॅफेकडे तुमच्यापेक्षा जास्त भांडवल आहे.

पुढे चालवणारं घरात कुणीच नसेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे भाडेहक्क रीतसर मोबदला घेऊन देता येतो, घरमालकाचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो. तो सौदा संमतीपत्रापूर्वी करा.

ताबा घेण्याच्या दिवशी रिकामा गाळा बघून सही करू नका. टेप लावून रुंदी मोजा, सगळ्या चुली एकदम पेटवा, हूड पूर्ण वेगाने चालवा, मोरीत वीस बादल्या पाणी एकामागून एक ओता. पाणी तुंबलं किंवा धूर परत आला, तर ताबापावतीवर तोच दोष तारखेसह लिहा आणि दुरुस्तीपर्यंत ट्रान्झिटचं भाडं सुरू राहील असं लिहून मगच किल्ली घ्या.