आधी अळ्यांची सोय करा
उघडं अंगण जिवंत करायचं तर लगेच फुलझाडं आणायला धावू नका. आधी पानं खाणाऱ्या अळ्यांचा विचार करा. फुलपाखरू मध बऱ्याच फुलांतला पितं, पण अंडी ठरावीक झाडांवरच घालतं. रुईच्या पानांवर पोसली जाणारी पट्टेरी अळी गुलाबाच्या पानाला तोंडही लावत नाही. दाणे टिपणारे बरेचसे पक्षीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडेच भरवतात. म्हणून आसपासच्या माळावर, ओढ्याकाठी आपसूक काय उगवतं ते बघा आणि तेच लावा. एक मोठं झाड, त्याखाली झुडपं, मधे गवत. पानं कुरतडलेली दिसली की मला तर आनंदच होतो! फवारणी अजिबात नको.

सगळी जमीन झाकू नका. मधमाश्यांच्या सुमारे ७० टक्के जाती जमिनीत बीळ करून राहतात. त्यांच्यासाठी उन्हातला हातभर तुकडा मोकळाच ठेवा. पाचोळा झाडाखाली पडू द्या, झाडून जाळू नका. पाण्यासाठी २-३ सेंटीमीटर खोल पसरट थाळी, तीत वर डोकावणारे खडे, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात.